एका शब्दाची दुरुस्ती

माझी दुसरी कादंबरी छापून आली तेव्हा तिची पहिली प्रत मी आबांच्या हातात दिली. आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी पुस्तक उलटून पालटून पाहिले, मागे छापलेली किंमत पाहिली, ‘जरा जास्तच ठेवली’ एवढे म्हणाले आणि ओटीवरच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसले. पुढचे अकरा दिवस ते वाचीत होते. डोळ्यांवर चष्मा, हातात भिंग आणि कानामागे बोटभर पेन्सिल. त्या पेन्सिलीची मला धास्ती वाटत होती. शिक्षकाच्या धंद्यात दुसऱ्याच्या वह्या तपासण्याची सवय असते. पण आपली वही तपासून परत येण्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे पस्तिशी ओलांडल्यावर मला प्रथमच कळत होते.

बाराव्या दिवशी पुस्तक माझ्या टेबलावर परत आले. सबंध पुस्तकात एकच खूण होती. माझा नायक सीमेवरचा शिपाई आहे. तो नेम धरतो आणि ‘श्वास रोखून ट्रिगर खेचतो’, असे मी लिहिले होते. आबांनी ‘खेचतो’ हा शब्द सरळ रेघेने खोडला होता आणि वर बारीक अक्षरांत लिहिले होते, ‘दाबतो’.

मी विचारले, “बाकीची कशी वाटली?”

“बाकीची तुझी आहे,” आबा म्हणाले. “एवढंच माझं होतं, ते दुरुस्त केलं.”

आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. १९६८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी ते मुरुडहून बेळगावला गेले, भरती झाले, आणि १९८५ साली नाईक म्हणून निवृत्त होऊन आपल्या वाडीत परत आले. आमच्या मुरुडात ‘वाडी’ म्हणजे नारळी-पोफळीची बाग. मागच्या दारी वाडी, पुढच्या दारी रस्ता आणि थोड्या अंतरावर समुद्र. दापोलीच्या त्या लष्करी मुलखाला हे नवे नाही. इंग्रजांची छावणी होती म्हणून जुनी माणसे दापोलीला अजून ‘कँप’ म्हणतात. सुभेदार रामजी आंबेडकरही पलटणीतून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीला येऊन राहिले होते. तेव्हा घरात फौजी माणूस असणे ही आमच्याकडे काही नवलाई नाही. नवलाई एवढीच, की इतर फौजी माणसे बोलतात. आबा बोलत नसत.

लहानपणी ते मला रागीट वाटत. मी सातएक वर्षांचा असताना दिवाळीला मामाने मला टिकल्यांचे पिस्तूल आणून दिले. लाल कागदाची टिकल्यांची गुंडाळी, चाप दाबला की टप्‌ आवाज आणि गंधकाचा वास. त्या वासासारखा वास जगात दुसरा नाही. मी ते पिस्तूल ताईच्या कपाळावर धरून म्हणालो, ‘हात वर!’ दुसऱ्या क्षणी माझ्या मनगटावर असा फटका बसला की पिस्तूल अंगणातल्या तुळशीपाशी जाऊन पडले. “नळी माणसाकडे नाही,” आबा म्हणाले. बस्स, एवढेच. समजावणे नाही, जवळ घेणे नाही. त्या वर्षी मी फराळाला हात लावला नाही, असे आई सांगते. मला मात्र आठवते की चकली मी लपून खाल्ली होती.

दुसरी गोष्ट मी आईलाही कधी सांगितली नव्हती. १९९५ सालच्या जून महिन्यात माझा दहावीचा निकाल लागला. मी पास झालो होतो, आणि गुणही वाईट नव्हते. पुण्याला जावे, तिथल्या कॉलेजात शिकावे असे माझ्या मनाने घेतले होते. आबा विहिरीपाशी होते. पंप चालू होता. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि घरापासून घोकत आणलेले वाक्य एका दमात म्हणून टाकले: “आबा, मी पास झालो, मला पुढे शिकायला पुण्याला जायचंय.” आबांनी मान वळवली नाही. ते पाटाच्या पाण्याकडे पाहत राहिले. मी थोडा वेळ थांबलो आणि परत फिरलो. पैशांची ओढ होती हे मला ठाऊक होते. न दिलेले उत्तर मी ‘नाही’ असे समजलो. निकाल त्यांना संध्याकाळी आईकडून कळला, त्यांनी पेढे आणले. पण पुण्याचा विषय मी पुन्हा काढला नाही. पुढे चित्रकला शिक्षकाचा अभ्यासक्रम केला आणि शाळेत लागलो. गावच्या जुन्या हिशेबाने मी आजही मॅट्रिकच. कादंबऱ्या लिहितो त्या मॅट्रिकच्या भांडवलावर. मात्र प्रत्येक पुस्तकाच्या वेळी मनात कुठे तरी वाटत असे, की विहिरीपाशी उभ्या असलेल्या त्या माणसाला आपण काही तरी दाखवून देत आहोत.

आणि त्या माणसाने माझ्या सबंध पुस्तकातून एक क्रियापद उचलून बाजूला ठेवले होते.

तो शब्द मला बोचत राहिला. खेचणे आणि दाबणे यांत एवढा काय फरक? कोकणात बंदूक अगदीच अनोळखी नाही. रानडुकरांपासून आणि वानरांपासून पीक राखायला परवान्याची ठासणीची बंदूक पुष्कळ घरांत असते. पण आबांनी उभी हयात ज्या रायफलीवर काढली, ती सामान्य माणसाला बाळगता येत नाही. तिच्यापर्यंत पोचायचा एकच मार्ग मला दिसला. मी होमगार्डमध्ये नाव दिले.

होमगार्ड ही नोकरी नव्हे. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांतात ही संघटना उभी राहिली आणि ‘निष्काम सेवा’ हे तिचे ब्रीद. आमच्याकडे शिमग्याच्या पालख्या, गणपती, निवडणुका, यांच्या बंदोबस्ताला ही माणसे उभी असतात. तिथे दहावी पास चालते, हे ऐकून मला आपलेपणा वाटला. वयाची अट पन्नाशीपर्यंत. मी अडतीस वर्षांचा होतो. उंची मोजली, छाती मोजली, सोळाशे मीटर पळवले. शेवटच्या फेरीला माझी अवस्था पाहून एका तरुण अंमलदाराने काळजीने विचारले, “काका, बसता का जरा?” आमच्या मुरुडचे अण्णासाहेब कर्वे १८७५ साली परीक्षा द्यायला कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला गेले होते, आणि तिथे ‘तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस’ म्हणून त्यांना परत पाठवले. त्याच गावचा मी, फार वयाचा दिसतो म्हणून परत जाण्याच्या बेतात होतो. पण निभावले.

कवायत झाली, लाठी झाली, आणि एका हिवाळ्यात आमची तुकडी चांदमारीला नेण्यात आली. चांदमारी हा मला फार आवडलेला शब्द. एका डोंगराच्या पोटाशी मातीचा उंच बांध, त्याच्या पुढे चौकटींवर ताणलेले कागदी लक्ष्य, आणि उंच काठीवर लाल निशाण. निशाण वर असेपर्यंत गुराखीसुद्धा त्या बाजूला फिरकत नाहीत. शंभर मीटर अलीकडे आम्ही.

आमचे उस्ताद घाटावरचे. आवाज खणखणीत, मिशा त्याहून. त्यांनी ताडपत्रीवर एक रायफल ठेवली आणि म्हणाले, “ही एसएलआर. सेल्फ लोडिंग रायफल. मान द्या हिला. तुमच्या बापाच्या वयाची आहे.”

माझ्या बाबतीत ते शब्दशः खरे होते. १९६२ साली चीनशी युद्ध झाले तेव्हा आपल्या जवानांच्या हाती मुख्यतः थ्री-नॉट-थ्री होती. उत्तम रायफल, पण दर गोळीनंतर हाताने बोल्ट ओढून नवी गोळी पुढे आणावी लागे. त्यानंतरच्या वर्षांत बेल्जियममधल्या एफएन कंपनीच्या मूळ रचनेवरून बनवलेली ही ७.६२ मिलिमीटरची रायफल बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातून येऊ लागली. १९७१ च्या युद्धात आपल्या पायदळाचे मुख्य हत्यार हीच होती. १९९० नंतरच्या दशकात सैन्यात इन्सास आली आणि ही वडीलधारी हळूहळू पोलिसांकडे, होमगार्डकडे आली. लाकडी दस्ता घासून गुळगुळीत झालेला, काळा पोलादी देह, आणि गोळ्या भरल्यावर वजन पाच किलोंच्या आसपास. मी ती उचलली आणि पहिली गोष्ट मनात आली ती ही, की आबांनी अठरा-एकोणीस वर्षांच्या वयात ही दिवसरात्र वागवली.

उस्तादांनी ती खोलून दाखवली. गोळी सुटते तेव्हा तिच्यामागचा तापलेला वायू नळीतून पुढे धावतो. नळीला वरच्या अंगाला एक बारीक भोक आहे. थोडा वायू त्यातून निघतो आणि एका दट्ट्याला मागे ढकलतो. त्या धक्क्याने आतला ठोकळा मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, स्प्रिंग दाबली जाते. आणि ती स्प्रिंग उसळून परत येताना मॅगझिनमधली पुढची गोळी नळीत नेऊन बसवते. मॅगझिनमध्ये गोळ्या वीस. हे सगळे डोळ्यांना दिसण्याआधी होऊन जाते.

“म्हणजे भरायचं काम ही स्वतः करते,” उस्ताद म्हणाले. “मग माणसाला काम काय उरलं?”

कोणी म्हणाले, नेम. कोणी म्हणाले, चाप.

“थांबायचं,” उस्ताद म्हणाले. “ते हिला येत नाही.”

मग नियम सांगितले. पहिला नियम ऐकताना माझे मनगट तीस वर्षांपूर्वीचे झाले. “रायफल भरलेली असो, रिकामी असो, खेळण्यातली असो,” उस्ताद म्हणाले, “नळी माणसाकडे नाही.”

माझी पाळी आली. पालथा पडलो, दस्ता उजव्या खांद्यात रुतवला, गाल लाकडाला टेकवला. कानांत कापसाचे बोळे. मागच्या भोकातून पाहायचे, पुढची टिप त्यात आणायची आणि ती लक्ष्याच्या काळ्या ठिपक्याखाली ठेवायची. मी चित्रकलेचा शिक्षक. एक डोळा मिटून, पेन्सिल हाताच्या अंतरावर धरून माप घेणे हे माझे रोजचेच. मला वाटले, हे तर आपल्याच घरचे काम. पाच गोळ्या झाडल्या. पहिल्या गोळीचा खांद्याला धक्का बसला तो एखाद्या अडदांड पोराने ढकलावे तसा, आणि आवाज तर कानाने ऐकला असे वाटलेच नाही. तो कवटीतच झाला. त्यानंतरच्या चार गोळ्या कशा गेल्या ते मला ठाऊक नाही. रायफल भरून तयारच होती, बोट वळवळत होते, आणि मला ते एकदाचे संपवायचे होते.

लक्ष्यापाशी जाऊन पाहिले. पाचांपैकी दोन कागदावरच नव्हत्या. उरलेल्या तीन तीन दिशांना, आणि तिन्ही खाली.

“मास्तर,” उस्ताद म्हणाले, “गोळी सुटायच्या आधीच तुम्ही दचकताय. बोट चापाला हिसका देतंय, त्यानं नळी खाली जाते. चाप खेचायचा नसतो. दाबायचा. लिंबाचा रस थेंब-थेंब काढावा तसा. श्वास अर्धा सोडा, अर्धा ठेवा, आणि दाबत राहा. गोळी कधी सुटली ते तुम्हालाच कळता कामा नये.”

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. माझ्या पुस्तकातली दुरुस्ती मला पंचवीस माणसांसमोर वाचून दाखवली जात होती.

दुसऱ्या खेपेला मी पुन्हा पालथा पडलो. या वेळी लक्ष्याकडे पाहणे सोडले. डोळा एका वेळी दूरचे आणि जवळचे दोन्ही स्पष्ट पाहू शकत नाही. हे मी दर वर्षी एलिमेंटरीच्या मुलांना शिकवतो आणि स्वतः विसरलो होतो. पुढची टिप तेवढी स्वच्छ ठेवली, लक्ष्य धूसर होऊ दिले. अर्धा श्वास सोडला. बोट दाबत राहिले. मध्येच हात थरथरला, तेव्हा बोट सैल केले, श्वास घेतला, पुन्हा आरंभ केला. तेवढ्या थांबण्यालाच किती मेहनत लागते! रायफल तयार, लक्ष्य समोर, हुकूम झालेला. आणि तरी थांबायचे. मग आवाज झाला, आणि खरोखरच मला तो अनपेक्षित होता. ती गोळी शंभर मीटर गेली सेकंदाच्या सुमारे आठव्या हिश्शात. तिला सोडायला मला दहा-बारा सेकंद लागले होते. अशा पाच. या वेळी पाचही भोके एका पुरीखाली झाकली जातील एवढ्या जागेत होती.

मी उठलो. अंगात आनंद मावत नव्हता. पुंगळ्या वेचायला वाकलो, कारण तिथे प्रत्येक पुंगळी मोजून परत द्यावी लागते. गवतात चार मिळाल्या, पाचवी शोधत होतो. तेवढ्यात समोर कोणाची तरी सावली पडली. उस्ताद माझ्या पुढ्यात येऊन उभे राहिले होते आणि चिडलेले होते.

“मास्तर, तीन वेळा हाक मारली. पुंगळी इथं आहे म्हणून सांगतोय. ऐकू येत नाही, की ऐकायचं नाही?”

मला खरोखरच ऐकू आले नव्हते. पालथे पडताना डाव्या कानातला बोळा केव्हा तरी निसटला होता, आणि त्या कानात आता एकच बारीक शिट्टी अखंड वाजत होती. ते माझ्या डाव्या हाताला उभे राहून बोलत होते. मी तसे सांगितले, तेव्हा त्यांचा राग उतरला. “होतं असं,” ते म्हणाले. “उजवा गाल दस्त्याला, त्यामुळे उजवा कान डोक्याच्या आडोशाला राहतो. डावा असतो नळीच्या तोंडाकडे. उद्यापर्यंत जाईल शिट्टी. पण आमच्या जुन्या लोकांत बघा, बहुतेकांचा डावा कान गेलेला असतो. सांगत नाहीत कोणी. लोकांना वाटतं, माणूस घुम्या आहे.”

मी पुंगळी हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

आबा जेवायला बसत ते नेहमी डाव्या टोकाच्या पाटावर. एस.टी.त बसत ते डाव्या खिडकीशी, म्हणजे शेजारी कोण असेल तो उजव्या बाजूला. ते घराचे मोठे म्हणून टोकाचा पाट त्यांचा, असे आम्ही समजत होतो. आणि विहिरीपाशी, त्या जून महिन्यात, पंप चालू असताना, मी कोणत्या बाजूला उभा होतो? पाट उजवीकडून वाहत होता. मी घराकडून आलो होतो. मी डावीकडे उभा होतो.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आबा ओटीवर होते. मी खुर्ची उचलली आणि त्यांच्या उजव्या हाताला नेऊन ठेवली. त्यांनी एकदा खुर्चीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे.

“कळलं म्हणायचं,” ते म्हणाले.

“कधीपासून आहे?”

“एका दिवसात जात नाही ते. सतरा वर्षांत गेलं.”

मग, बहुधा मी चांदमारीवरून आलो होतो म्हणून, ते त्या संध्याकाळी थोडे बोलले. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांची पलटण जमालपूरच्या वेढ्यात होती. तिथली एक गोष्ट मी पूर्वी वाचली होती. आपल्या बाजूने जमालपूरच्या पाकिस्तानी अधिकाऱ्याला शरण येण्याविषयी पत्र पाठवले गेले. एका म्हाताऱ्या गावकऱ्याने ते नेले. उत्तर आले ते एका गोळीभोवती गुंडाळलेल्या कागदावर. त्यातला मजकूर असा, की लेखणी आपण छान चालवता, पुढच्या वेळी हातात स्टेनगन घेऊन भेटावे. मी ही गोष्ट आबांना विचारली. लेखणी चालवणारा म्हणून मला तिचे अप्रूप होते.

“ते साहेब लोकांचं,” आबा म्हणाले. “आम्हाला काय, हुकूम. १० तारखेची रात्र. थंडी. शेतात पडून होतो. ती माणसं अंधारात वाट काढून निसटायला बघत होती. आम्हाला हुकूम होता, सांगेपर्यंत गोळी मारायची नाही. पावलं ऐकू येत होती. बोट चापावर. तेवढा वेळ जो गेला ना...” ते थांबले. “मग हुकूम आला.”

त्या रात्री काय झाले ते युद्धाच्या इतिहासात आहे. जमालपूर पडले आणि ढाक्याची वाट मोकळी झाली. पण आबांनी ते सांगितले नाही आणि मी विचारले नाही. त्यांच्या आठवणीत गोळ्या नव्हत्याच; गोळीच्या अलीकडचा वेळ होता.

पुष्कळ वेळाने मी विहिरीची गोष्ट काढली. अगदी सहज काढल्यासारखी. ते ऐकत राहिले, उजवा कान माझ्याकडे करून.

“पुण्याला?” ते म्हणाले. “तू विचारलं होतंस?”

“हो.”

“मला वाटलं, तुला नाही जायचं. चित्रं काढीत बसायचास. म्हटलं, ओढून काय उपयोग? मनात आलं की स्वतःच विचारील. मी वाट बघत होतो.” मग जरा वेळाने म्हणाले, “भात विकला होता. पैसे बाजूला ठेवले होते. पुढे ताईच्या लग्नाला आले कामाला.”

आत आई देवापाशी दिवा लावीत होती. आम्ही दोघेही त्यानंतर काही बोललो नाही, आणि प्रथमच मला त्या न बोलण्याचा राग आला नाही. तेवीस वर्षे मी एका माणसाला दाखवून देत होतो, आणि त्याने मला ऐकलेच नव्हते. दुसऱ्यांदा विचारायला किती वेळ लागला असता? पण सोळा वर्षांच्या पोराचे बोट अधीर असते. उत्तर आले नाही की ते लगेच हिसका देऊन मोकळे होते, आणि मग गोळी कुठे गेली ते शोधत बसावे लागते.

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा ‘दाबतो’ असे छापले आहे. एका समीक्षकाने पहिल्या आवृत्तीवर पुष्कळ लिहिले होते. त्याच्या ध्यानात हा फरक आलेला नाही.

आबा आता पंचाहत्तर वर्षांचे आहेत. भिंग घेऊनही वाचणे होत नाही. दर दिवाळीला नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान, कारीट फोडणे, फराळ झाला की दिवाळी अंक घेऊन मी त्यांच्या उजव्या हाताला बसतो आणि वाचून दाखवतो. अंगणात नातवंडे फटाके लावतात. गेल्या वर्षी धाकट्याने टिकल्यांचे पिस्तूल आणले होते. त्याने ते आतेभावाकडे रोखले, आणि आबा काही म्हणण्याच्या आत माझ्याच तोंडून शब्द गेले. फटका मात्र मी मारला नाही. जवळ बोलावून का ते सांगितले. आबा ऐकत होते.

हा लेखही त्यांना वाचून दाखवायचा आहे. पेन्सिल अजून कानामागे असतेच. कुठे मागतात ते पाहू.